पावसाळ्यात सरकणारा सूर

जुलै महिन्यात कधी कामशेत-मळवलीच्या बाजूला आलात, तर काडेपेटीतली काडी पहिल्या झटक्यात पेटेल अशी आशा धरू नका. डब्यातून काढलेला पापड ताटात येईपर्यंत सादळतो. दारे चौकटीत घट्ट बसतात आणि धक्का दिल्याशिवाय उघडत नाहीत. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटमाथ्यापासून पूर्वेला जावे तसा तो कमी होत जातो, पण मावळात हवा सर्वत्र ओलीच.

अशाच एका जुलैत कामशेतजवळच्या खेड्यातला अकरावीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याच्या पिशवीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्या डब्यात रेडिओ.

"सर, हा सरकतोय," तो म्हणाला.

मित्रांनो, हा साधा रेडिओ नव्हता. ज्यावर ऐकताही येते आणि बोलताही येते, असा तो ट्रान्सीव्हर होता. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या रेडिओवरून जगातल्या दुसऱ्या परवानाधारकांशी बोलणाऱ्या माणसांना हौशी रेडिओकर्मी किंवा 'हॅम' म्हणतात. या मुलाने परीक्षा दिली होती आणि मामाच्या मदतीने संच स्वतः जोडला होता. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी २००३ साली 'बिटेक्स' नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त भागांतून कोणालाही ट्रान्सीव्हर बांधता यावा, हा त्यामागचा हेतू. त्याच धर्तीवरचा हा संच होता. भाग पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेले, आणि जे मिळाले नाहीत त्यांच्या जागी 'चालेल' असे वाटलेले दुसरे. या 'चालेल'कडे आपण पुढे वळणारच आहोत.

तक्रार अशी होती. रोज सकाळी सातआठ हॅम एका ठरलेल्या कंप्रतेवर जमून बोलत. (कंप्रता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या, तुमच्या पुस्तकात तिला वारंवारता म्हटले असेल.) हा मुलगा ७१०० किलोहर्ट्झवर बोलायला लागे, पहिली दोन मिनिटे ठीक जात, मग समोरच्यांना त्याचा आवाज बदकासारखा ऐकू येऊ लागे आणि पाचदहा मिनिटांत शब्दही कळेनासे होत. लोक सांगत, "अहो, तुम्ही वर सरकताय." तो बटण फिरवून जागेवर येई, पुन्हा सरके. शेवटी एका वडीलधाऱ्या हॅमने त्याला संच दुरुस्त होईपर्यंत बोलू नको, असे बजावले. मुलगा त्यामुळे फार दुखावला होता.

सांगणाऱ्याचेही चूक नव्हते. हॅम लोक ज्या पद्धतीने बोलतात तिला एकपट्टी प्रक्षेपण म्हणतात. तीत मूळ वाहक लहर पाठवतच नाहीत, फक्त आवाजाची एक बाजू पाठवतात. ऐकणाऱ्याचा संच ती वाहक लहर स्वतः तयार करून पुन्हा जोडतो. दोघांच्या कंप्रतेत पन्नास हर्ट्झचा फरक असला तर कानाला फारसे कळत नाही. दोनशेचा असला तर आवाज विचित्र होतो, हजाराचा असला तर भाषा कोणती तेही कळत नाही. शिवाय परवान्याचा प्रश्न असतो. आपल्याकडे हॅमना या भागात ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ एवढाच पट्टा आहे. त्याच्या वर नभोवाणी केंद्रे आहेत. ज्याचा संच दोन किलोहर्ट्झ सरकतो, तो नकळत दुसऱ्याच्या अंगणात जाऊन ओरडू शकतो.

आता दोष शोधायचा. पहिला प्रश्न : सरकतोय कोण? गाडीतून पाहताना स्टेशन मागे जाते की गाडी पुढे, असाच हा प्रश्न आहे. परंतु सात जणांनी एकमेकांना नीट ऐकले आणि सातही जणांना हा एकटाच सरकताना दिसला, तेव्हा संशयाला जागा उरली नाही.

दुसरा प्रश्न : किती? "खूप सरकतो" हे उत्तर चालत नाही. माझ्याकडे जुना एक खोका आहे. त्यात १० मेगाहर्ट्झचे क्वार्ट्झ स्फटिक आहे आणि दहाने भागणारी दोन आयसी, म्हणजे ७४९०. स्फटिकाच्या कंप्रतेला दोनदा दहाने भागले की १०० किलोहर्ट्झ मिळतात. या चौकोनी लहरीचे गुणित दर १०० किलोहर्ट्झवर ऐकू येतात : ७०००, ७१००, ७२००. जणू हवेत रोवलेले मैलाचे दगड. संच ७१०० च्या आसपास लावला की त्यातून शिटी येते. त्या शिटीचा सूर म्हणजेच संचाची कंप्रता आणि मैलाचा दगड यांच्यातले अंतर. अंतर ५०० हर्ट्झ असले की ५०० हर्ट्झचा सूर.

सूर मोजायला उपकरण हवे. मुलाची बहीण गाणे शिकते, म्हणून घरात पेटी होती. पेटीची मधली पांढरी एक म्हणजे साधारण २६२ हर्ट्झ, तिचा वरच्या सप्तकातला षड्ज ५२३. संच थंड असताना शिटी या वरच्या षड्जाशी जुळवली आणि बटणाला हात न लावता घड्याळ लावले. पाच मिनिटांनी बहीण म्हणाली, "दादा, बरोब्बर एक सप्तक वर गेला." सप्तक वर जाणे म्हणजे दुप्पट होणे. ५२३ चे १०४६ झाले, म्हणजे संच पाच मिनिटांत ५२३ हर्ट्झ सरकला. त्यापुढे पेटीच्या पट्ट्या संपल्या, तेव्हा मोबाइलवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपने काम केले. दहा मिनिटांनी एकूण सरक ९२०, वीस मिनिटांनी १४४०, अर्ध्या तासाने १७४०, तासाने २०७० हर्ट्झ.

हे आकडे आलेख-कागदावर मांडून पाहा. सुरुवातीला चढ तीव्र आहे, पुढे मंदावत सपाट होत जातो. चहा थंड होतानाचा आलेख उलटा धरावा तसा. गरम होणारी वस्तू अशीच वागते. तेव्हा निदान चोराची जात तरी कळली : उष्णता.

पण उष्णतेने नेमके काय बदलते? या संचात १२ मेगाहर्ट्झची एक स्थिर कंप्रता आहे आणि ४.८ ते ५ मेगाहर्ट्झची एक बदलती. दोहोंची वजाबाकी म्हणजे आपली कंप्रता : १२ वजा ४.९ म्हणजे ७.१. स्थिर भाग स्फटिकांचा असल्याने सहसा हलत नाही. बदलता भाग म्हणजे तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर यांचा आंदोलक. त्याची कंप्रता या दोघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. कंडेन्सरची धारिता वाढली की कंप्रता उतरते, आणि वजाबाकी असल्याने आंदोलक उतरला की संच वर चढतो! मुलाला हा उलटेपणा आधी पटेना. मग त्याने १२ वजा ४.८९८ करून पाहिले.

आता प्रमाण बघा. ४९ लाखांत २०७० म्हणजे दहा लाखांत सुमारे ४२०. वर्गमुळामुळे धारितेतला बदल याच्या दुप्पट, दहा लाखांत ८४०. एकूण धारिता २०० पिकोफॅरड धरली तर हा बदल एका पिकोफॅरडच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी! डब्याजवळ नुसता हात नेला तरी एवढा फरक पडतो. इतक्या थोडक्याने एवढा गोंधळ होतो, हेच या विद्येतले खरे अवघड. त्यामुळे आंदोलकाच्या तारा हलल्या, खिळखिळ्या राहिल्या, डब्याचे झाकण वाकले, तरी सूर थरथरतो. ते सगळे आम्ही आधीच पक्के करून घेतले.

पुढची पायरी म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलणे. मुले इथे घाई करतात. चार भाग एकदम बदलतात, संच सुधारतो किंवा बिघडतो, आणि कशामुळे ते कधीच कळत नाही. आम्ही आधी विजेवरचा पुरवठा काढून बॅटरी जोडली. (उघड्या संचावर काम करताना हेच सुरक्षितही असते.) सरक तेवढीच राहिली, म्हणून पुरवठा सुटला. मात्र एक वेगळी गोष्ट दिसली : बोलण्याची कळ दाबताच सूर एकदम दीडशे हर्ट्झने उडी मारी. कळ दाबली की संच जास्त प्रवाह ओढतो, बारीक तारांत व्होल्टेज पडते आणि आंदोलकाला कमी व्होल्टेज मिळते. त्याच्यापुरता वेगळा आठ व्होल्टचा स्थिरक, ७८०८ आयसी, बसवला आणि तारा जाड घातल्या. उडी थांबली. ती मुख्य तक्रार नव्हती, पण वाटेत सापडलेला खडा उचलून टाकलेला बरा.

मग नळीचा प्रयोग. शीतपेय प्यायची साधी नळी घ्यायची आणि तिच्यातून आंदोलकाच्या एकेका भागावर आपला गरम श्वास सोडायचा. इकडे कान शिटीवर. ट्रान्झिस्टरवर फुंकले, सूर किंचित हलला. वेटोळ्यावर फुंकले, थोडा हलला. एका तपकिरी चकतीसारख्या छोट्या कंडेन्सरवर फुंकले, आणि सूर सर्रकन वर गेला. फुंकणे थांबवले, हळूहळू खाली आला. तीन वेळा करून पाहिले, तिन्ही वेळा तोच.

"हा कुठला?" मी विचारले.

मामा ओशाळून म्हणाले, "दुकानात हवा तो नव्हता सर. किंमत तीच छापलेली होती, म्हटलं चालेल."

किंमत तीच होती हे खरे, परंतु कंडेन्सरवर छापलेली किंमत ही खोलीच्या तापमानाची असते. आत कोणते सिरॅमिक आहे त्यावर ती तापमानाबरोबर किती बदलेल हे ठरते. 'एनपीओ' जातीचा कंडेन्सर अंशामागे दहा लाखांत फार तर तीस भाग बदलतो. जुन्या रेडिओंत दिसणारे पारदर्शक पॉलिस्टायरिन कंडेन्सर तापले की उलट थोडे कमी होतात, म्हणून वेटोळ्याच्या वाढीला ते उतारा ठरतात. 'एन ७५०' नावाची एक जात तर मुद्दाम अंशामागे दहा लाखांत ७५० ने कमी होणारी करतात. ती औषधासारखी थोडीच वापरायची. साध्या चकत्या मात्र पुरवठ्याच्या तारेवर बसवायला ठीक, आंदोलकात नव्हे. चकती काढून 'एनपीओ' बसवला. मुलाने विजयी मुद्रेने घड्याळ लावले.

पहिल्या पाव तासात संच १८० हर्ट्झ वर गेला आणि मग, आश्चर्य म्हणजे, खाली उतरू लागला. दोन तासांनी तो सुरुवातीच्याही १४० हर्ट्झ खाली होता.

इथे खरी गंमत आहे. मोठा दोष होता तोवर हा दुसरा दोष त्याच्या पोटात लपलेला होता. त्याची दिशा उलटी, म्हणजे कारणही वेगळे. आणि तो पावसाच्या दिवशी जास्त, उघाडीच्या दिवशी कमी. मामांचे म्हणणे, "हवाच ओली, त्याला कोण काय करणार?" पण हवेला असे परस्पर दोषी ठरवता येत नाही. कोरडी हवा आणि दमट हवा यांच्या विद्युत गुणधर्मांत फरक असतो खरा, परंतु तो दहा हजारांत दोनतीन भागांहून अधिक नसतो, तोही अगदी कोरडी आणि अगदी ओथंबलेली हवा घेतली तर. दोन तासांत खोलीतली हवा एवढी थोडीच बदलते! आणि आमच्या आंदोलकातल्या धारितेचा थोडाच हिस्सा हवेच्या कंडेन्सरचा होता.

मी वेटोळे हातात घेतले. तार सुरेख गुंडाळलेली होती, एका पुठ्ठ्याच्या नळीवर. पुठ्ठा म्हणजे कागदच, आणि मावळातल्या जुलैत कागदाचे काय होते ते तुमच्या वह्यांना विचारा. ओल्या पुठ्ठ्यामुळे वेटोळ्याच्या फेऱ्यांमधली धारिता वाढते. संच चालू केला की डबा आतून तापतो, पुठ्ठा हळूहळू वाळतो, धारिता घटते, आंदोलक चढतो, संच उतरतो. तापायला पाऊण तास पुरतो, वाळायला कित्येक तास. म्हणून आधी चढ आणि मग लांबलचक उतार. तर्क बरोबर आहे का हे पाहायला आम्ही ते वेटोळे डाळीच्या जुन्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत तीन दिवस झाकून ठेवले. पुन्हा बसवल्यावर पहिल्या दिवशी उतार जवळजवळ नाहीसा झाला होता. आठवडाभर उघडे राहिल्यावर तो परत आला. मग शंका कशाला? प्लॅस्टिकच्या नळीवर नवे वेटोळे गुंडाळले, त्यावर मेणाचा पातळ हात फिरवला. आता पहिल्या पाव तासात ९० हर्ट्झ, आणि त्यापुढे दोन्ही बाजूंना वीसच्या आत.

सरकणे थांबले म्हणजे काम झाले का? नाही. बंद पडलेले घड्याळही सरकत नाही! आपली तबकडी ७१०० दाखवते तेव्हा ते खरोखर ७१०० आहेत का, हा प्रश्न अजून उभाच होता. आम्ही माझ्या खोक्याशी ताडून पाहिले, तर तबकडी १८०० हर्ट्झ चुकीची निघाली. पण माझा खोका तरी बरोबर कशावरून? मुलाने हे विचारले तेव्हा मला फार बरे वाटले.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर दिल्लीहून येत असे. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे 'एटीए' हे केंद्र ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर अचूक कालसंकेत प्रक्षेपित करी. आमच्या पिढीतल्या हॅमनी आपले संच त्याच्यावर लावले. ते आता बंद झाले आहे. तरी रात्री लघुलहरींवर १० मेगाहर्ट्झ लावा : सेकंदासेकंदाला टिक टिक ऐकू येते. ते बहुधा चीनमधले 'बीपीएम' असते, इथून सुमारे ४००० किलोमीटरवरचे. साध्या लघुलहरी रेडिओवर ते लावून माझा खोका शेजारी ठेवला. दोन्ही कंप्रता जवळजवळ सारख्या असल्या की त्या कधी एकमेकींना बळ देतात, कधी पुसतात, आणि आवाज लाटेसारखा फुगतो-ओसरतो. तबला लावताना सूर जुळत आला की असेच ठोके जाणवतात. सेकंदाला तीन लाटा येत होत्या, म्हणजे माझा खोका एक कोटीत तीन हर्ट्झ चुकत होता. खोक्यातला छोटा ट्रिमर काडीएवढा फिरवला, तशा लाटा लांबत गेल्या आणि एका लाटेला दोन सेकंद लागू लागले. त्यापुढे जाण्यात अर्थ नव्हता, कारण ती लहर वातावरणातल्या आयनांबरावरून परतून येते आणि तो थर वरखाली होताना तिच्यातच हर्ट्झभर फरक पडतो. हर्ट्झाला हर्ट्झ धरला तरी ७१०० किलोहर्ट्झवर चूक एका हर्ट्झहून कमी. आम्हाला एवढे पुष्कळ होते. नवी तबकडी कागदावर आखून चिकटवली, दर १०० किलोहर्ट्झची खूण खोक्यावरून, मधल्या खुणा त्यांच्या आधाराने.

त्या संकेतांच्या मागे अणुघड्याळे असतात. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर केलेली आहे. उपग्रहांवरून येणाऱ्या जीपीएस संकेतांमागेही अशीच घड्याळे आहेत, आणि आज एक छोटा जीपीएस संच सेकंदाला एक अचूक ठोका देतो. तो आणि एक गणक मिळाला तर आमचा हा रात्रीचा खटाटोप पाच मिनिटांत होतो.

मामांचा शेवटचा प्रश्न व्यवहारी होता. "सर, हल्ली अंकी संच मिळतात. त्यात आकडा सरळ दिसतो. मग हे सगळं कशाला?" ते बरोबरच होते. बिटेक्सच्याच नंतरच्या संचांत वेटोळ्याऐवजी 'एसआय ५३५१' नावाची चिप आहे. ती २५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावरून हवी ती कंप्रता तयार करते, आणि ती फारशी सरकत नाही. पण पडद्यावरचा ७१००.००० हा आकडा कोणी मोजलेला नसतो. स्फटिक नेमके २५ मेगाहर्ट्झ आहे असे समजून केलेले ते गणित असते. स्वस्त स्फटिक दहा लाखांत वीस भाग चुकले, तर ७१०० वर १४२ हर्ट्झचा फरक पडतो आणि पडदा तेच तीन शून्ये दाखवत राहतो. त्या संचालाही एकदा १० मेगाहर्ट्झच्या टिकटिकीशी ताडून दुरुस्तीचा आकडा भरावाच लागतो. मामांनी अंकी संच घेतला नाही. अजून.

तुमच्याकडे परवाना नसला तरी हे सरकणे घरी ऐकता येते. काटा असलेले, मध्यमलहरीचे दोन जुने ट्रान्झिस्टर रेडिओ मिळवा. (आकडे दाखवणारे नवे रेडिओ चालणार नाहीत.) अशा रेडिओच्या पोटातला आंदोलक लावलेल्या केंद्रापेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो. एका रेडिओवर १००० च्या वरचे एखादे दूरचे केंद्र लावा. १९७८ पासून आपल्याकडची मध्यमलहरी केंद्रे नऊने भाग जाणाऱ्या कंप्रतांवर आहेत. समजा तुम्हाला १०४४ मिळाले. दुसरा रेडिओ शेजारी ठेवून, आवाज बारीक करून, त्याचा काटा ५८९ च्या आसपास सावकाश फिरवा. एका जागी पहिल्या रेडिओत शिटी वाजू लागेल, खाली येत येत घोगरी होईल, नाहीशी होईल आणि पलीकडे पुन्हा चढेल. शिटी ऐकू येईल अशा जागी काटा सोडा. आता दुसऱ्या रेडिओचे मागचे झाकण उघडून आतल्या कंडेन्सरवर नळीने गरम श्वास सोडा आणि दर मिनिटाला सूर पेटीवर मिळवून वहीत लिहा. रेडिओ बॅटरीवरचाच हवा. उन्हाळ्यात एकदा करा आणि पावसाळ्यात पुन्हा एकदा.